शब्दाचा भार कोठें पडतो?

‘सावंतवाडी’ हें नांव फळ्यावर लिहून अक्षरें मोजावयास सांगितलीं तर आमच्या वर्गांतील मुलें पांच सांगतात. तेंच नांव उच्चारून टाळ्या वाजविण्यास सांगितलें तर टाळ्या चारच पडतात. तकारांतील अ लिहिण्यांत राहतो, बोलण्यांत जातो. ‘मालवण’ या चार अक्षरांच्या तर दोनच टाळ्या!

इतकें जाणणारें मूल इंग्रजीचा लांब शब्द दिसतांच अडखळतें. त्यास वाटतें, जितके स्वर तितक्यांचा मान सारखा. इंग्रजीची रीत निराळी आहे. तेथें एका खंडावर जोर पडतो आणि शेजारचे स्वर अंग चोरून बहुधा अस्पष्ट अ एवढे उरतात. आमच्या गणवृत्तांस लघुगुरु मोजण्याची संवय. इंग्रजी कविता आघात मोजते. रापणीचा दोर ओढतांना सर्वांचा जोर एका ठोक्यास पडतो, मधल्या वेळांत हात नुसते पुढें सरकतात. तसेंच कांहींसें हें आहे.

‘फोटोग्राफ’मध्यें जोर पहिल्या खंडावर, ‘फोटोग्राफी’त तो दुसऱ्यावर सरकतो व शब्द जवळजवळ ‘फटॉग्रफी’ असा ऐकूं येतो, ‘फोटोग्राफिक’मध्यें तो तिसऱ्यावर जातो. शेवटीं ‘शन’, ‘इक’ किंवा ‘इटी’ आले कीं जोर बहुतकरून त्यांच्या लगतच्या अलीकडील खंडावर : ‘एज्युकेशन’मध्यें ‘के’, ‘युनिव्हर्सिटी’त ‘व्हर्’. ‘अरिथ्मेटिक’ हें गणिताचेंच नांव मात्र हा नियम मोडतें, याची मुलांस मोठी मौज वाटते.

पालकांस हें क्षुल्लक वाटेल. आमचा एक विद्यार्थी मुंबईस मुलाखतीस गेला होता. व्याकरण शुद्ध, विषय तयार. परंतु ‘डेव्हलपमेंट’चा जोर त्यानें दुसऱ्या खंडाऐवजीं पहिल्यावर दिला. दोन वेळां “काय म्हणालांत?” असें ऐकल्यावर उरलेल्या प्रश्नांस तो एकेका शब्दानें उत्तर देऊन परतला.

मराठींत बोलतांना ‘कमिटी’, ‘हॉटेल’ आमच्याच वळणानें म्हणावीं. त्यांत ओशाळण्यासारखें कांहीं नाहीं. इंग्रजींत मात्र दोहोंचाही जोर दुसऱ्या खंडावर. डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश १९१७ सालीं निघाला. त्यांत जोराच्या खंडाअगोदर लहानशी खूण केलेली आहे. आजच्या पुष्कळ कोशांत ती उभ्या रेघेच्या रूपानें आढळते. कांहीं अमेरिकन कोश मात्र खूण खंडानंतर करतात. म्हणून कोश हातीं घेतांच त्याचें सूचनापत्रक आधीं वाचावें.