तवंग

बेंगळुरूतल्या यशवंतपूरच्या बाजार समितीच्या यार्डात, भाद्रपदातला पाऊस रात्रभर कोसळून गेला की, सकाळी तो हमखास भेटतो. कांद्याच्या गाड्या लागतात त्या रांगेत, डांबराला पडलेल्या खळग्यातल्या पाण्यावर अंग पसरून पडलेला असतो. लासलगावाकडून हजारेक किलोमीटर धावत आलेल्या ट्रकच्या पोटातून थेंब गळतो आणि हा जन्माला येतो. "चेंबरचं पॅकिंग गेलंय, दादा," ड्रायव्हर खाली वाकून बघत म्हणतो. हमाल पाठीवर गोणी घेऊन त्याला ओलांडून जातात. मला मात्र त्याच्यापाशी उकिडवं बसल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्याचा एक नातलग आपल्या घरात असतो, रश्श्यावरचा. पण तो जाड अंगाचा, आणि त्याची लाली तिखटाकडून घेतलेली. हा खळग्यातला कुणाकडून काही घेत नाही. एक थेंब तेल पसरून पाटाएवढं होतं, तेव्हा त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी उरते. एवढ्या विरळ अंगाला स्वतःचा रंग कुठून असणार? तरी कडेपासून आत बघत जावं: आधी राखाडी, मग चंदेरी, मग गवती पिवळा, तांबूस, जांभळा, निळा, आणि पुढे हिरव्या-गुलाबीची आवर्तनं. डोकं थोडं खाली नेलं की सगळे पट्टे जागा बदलतात. पाणी गढूळ असेल तर तो फिका पडतो. त्याला पाठीशी काळं डांबर लागतं.

त्याचा स्वभाव कळतो तो हिशेबातून. यार्डातच बसलोय, तेव्हा रुपयांतच मांडतो. शंभर रुपयांचा उजेड वरून त्याच्या अंगावर पडला असं धरा. तेलाच्या पाठीवरून साडेतीन रुपये परत फिरतात. बाकीचा आत शिरतो, आणि तेल-पाण्याच्या सांध्यावरून आणखी चार आणे माघारी येतात. बेरीज पावणेचार. पण एकेका रंगाचा उजेड पट्ट्यापट्ट्याने मोजला, तर कुठे पावणेसहा मिळतात आणि कुठे दोनच. चार आण्यांची भर पडून दोन रुपये जास्त कसे आले, आणि शेजारीच पावणेदोन कमी कसे पडले?

उजेड ही लाट आहे, म्हणून. दोन लाटा भेटल्या की आधी त्यांच्या उंचीची बेरीज होते, आणि उजेड ठरतो त्या बेरजेच्या वर्गाने. उंचवट्यावर उंचवटा आला तर लहानशी लाटही मोठीला भरघोस वर उचलते. उंचवट्याखाली खळगा आला तर तीच तिला खाली ओढते. तेलाच्या पाठीवरून परतणारी लाट उलटी होऊन येते, सांध्यावरची सुलटी. त्यामुळे जिथे जाडी नाहीशीच होत आली तिथे दोघी एकमेकींच्या विरोधात जातात, आणि तवंगाची अगदी पातळ कड नुसत्या पाण्याइतकीच काळी दिसते. नुसतं पाणीही शंभरातले दोनच परत करतं. साधारण 190 नॅनोमीटर जाडीला, म्हणजे केसाच्या साडेतीनशेव्या भागाला, हिरवा उजेड असा खाली दबतो आणि उरतो तो जांभळा. आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरव्या उजेडाला सर्वांत जास्त जागा असतो. म्हणून जांभळा पट्टा नेहमी मंद वाटतो, आणि त्याच्या अलीकडचा पिवळसर उजळ.

मला सर्वांत भावतं ते पुढचं. मंद पट्ट्यातून हरवलेला हिरवा उजेड मरत नाही, तो पाण्यात उतरतो. पावणेसहा आणि दोन यांची सरासरी काढा, पावणेचारच्या आसपासच येते. तवंग कुणाचा पैसा बुडवत नाही.

यार्डातले दोन दिवे एकाच भिंतीवर पडले तर असे पट्टे उठत नाहीत. त्यांच्या लाटांचं आपसात काही ठरलेलं नसतं. तवंगावरच्या दोन लाटा एकीच्याच पोटच्या, म्हणून एकमेकींना ओळखतात. अंग जाड झालं की मात्र तीही ओळख पुसट होते आणि रंग विरतात.

इथून फार लांब नाही, मेखरी सर्कलजवळ, रामन संशोधन संस्था आहे. तिथे 1956 साली रामन यांचा भाचा, बावीस वर्षांचा एस. पंचरत्नम, स्फटिकांतून प्रकाश बघत होता. वेगवेगळ्या दिशांना थरथरणाऱ्या दोन किरणांची पावलं जुळली असं कधी म्हणायचं? त्याचं उत्तर: एकत्र आल्यावर सर्वांत जास्त उजेड पडेल तेव्हा. मग त्याला दिसलं की पहिल्याचं दुसऱ्याशी जुळलं, दुसऱ्याचं तिसऱ्याशी जुळलं, तरी तिसऱ्याचं पहिल्याशी जुळेलच असं नाही, फरक उरू शकतो. 1984 साली मायकेल बेरी यांनी क्वांटम जगात असाच फरक दाखवला, त्यानंतर या कामाकडे जगाचं लक्ष गेलं. पंचरत्नम 1969 मध्येच गेला होता, पस्तिसाव्या वर्षी, ऑक्सफर्डला. खळग्यापाशी बसलो की त्याची आठवण येते, आणि हळहळ वाटते.

ऊन चढतं. गाडी रिकामी होते, चाक खळग्यातून जातं, तवंगाच्या चिंध्या होतात. मिनिटभरात तुकडे पुन्हा कडेला कड लावतात, पण आता अंग आणखी पातळ. रंग आले त्याच्या उलट्या वाटेने निघतात: निळा जाऊन जांभळा, जांभळा जाऊन पिवळा, मग चंदेरी. मग राखाडी. मग पाणी, आणि त्यात पलीकडच्या शेडचे पत्रे.