आधी पाय टेकू द्या

आमच्या गराजमध्ये १९७६ सालची एमजीबी आहे. "ही गाडी की उंट?" असं आमची सौ. विचारते, आणि त्यात तथ्य आहे. १९६२ साली निघालेली ही ब्रिटिश गाडी मुळात बसकी. पण अमेरिकेतल्या बंपरच्या नियमांपायी १९७४ च्या अखेरीपासून तिला काळे रबरी बंपर आले आणि गाडी इंचभर उंच झाली. वळणावर कलंडते की काय, असं वाटायचं.

चिरंजीव कॉलेजला निघण्याआधी आम्ही बापलेकांनी पुढच्या स्प्रिंगा बदलून आखूड बसवल्या, विशबोनचे रबरी बुशही नवे घातले. दोन दिवस खपून गाडी जॅकवरून उतरवली, तर नाक वरच! आम्ही दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

चूक आमचीच होती. चाकं अधांतरी लोंबकळत असतानाच आम्ही नट करकचून आवळले होते. रबर त्याच स्थितीत धरलं गेलं आणि खाली उतरल्यावर पीळ बसून गाडीला वर ढकलत राहिलं. मग नट सैल केले, गाडी चाकांवर उभी केली, दाबून हलवली आणि तिचं वजन चाकांवर असतानाच पुन्हा आवळले. नाक खाली आलं. शेवटी चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं.

महिन्याभरात चिरंजीवांना डॉर्मवर सोडलं. रोज फोन, अभ्यास, खाणंपिणं अशी सूचनांची यादी आम्ही खिशातून काढणार, तोच सौ. कानात म्हणाली, "अहो, आधी त्याचे पाय टेकू देत. नट मग आवळा."

यादी खिशातच राहिली.