पासिंग किती?

अमेरिकेतल्या कुठल्याही पिकअप ट्रकचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर तळहाताएवढा एक स्टिकर असतो, पांढरा, पिवळ्या पट्ट्याचा. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर वजन जाता कामा नये. हा आकडा त्या मॉडेलचा नसतो, त्या एका गाडीचा असतो. तुम्ही सनरूफ घेतलंत, आकडा खाली. डिझेल इंजिन घेतलंत, आणखी खाली, कारण ते इंजिनच जड असतं. जाहिरातीतला आकडा वेगळा आणि दारावरचा वेगळा.

पिकअपच्या मागच्या हौद्यात बसवलेली खोली तुम्ही रील्समध्ये पाहिली असेल. तिला ट्रक कॅम्पर म्हणतात. पलंग ड्रायव्हरच्या केबिनच्या टपावर आलेला, खाली शेगडी, सिंक, छोटा फ्रिज, टेबल. ही ट्रेलरसारखी मागे ओढायची नसते आणि व्हॅनसारखी गाडीचा भागही नसते. चार कोपऱ्यांना चार जॅक असतात. ते खाली सोडले की खोली स्वतःच्या पायांवर उभी राहते आणि ट्रक खालून निघून ऑफिसला जातो. १९६० साली जॉन स्टाइनबेक असाच कॅम्पर लादलेल्या जीएमसी ट्रकमधून, सोबत कुत्रा घेऊन, देश बघायला निघाला होता. ती गाडी आजही कॅलिफोर्नियात सॅलिनसच्या संग्रहालयात उभी आहे.

आम्ही डेन्व्हरशेजारी ऑरोरा गावात भाड्याच्या घरात राहतो. मी आणि नवरा दोघंही एच-वन-बी व्हिसावर. ग्रीन कार्डाच्या भारतीय रांगेत आमचा नंबर कधी येईल याचा हिशोब आम्ही करणं सोडून दिलंय. व्हिसा तीन-तीन वर्षांनी वाढतो. नोकरी गेली तर जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी, दुसरा व्हिसा, नाहीतर परतीचं तिकीट. घराच्या डाउन पेमेंटसाठी आम्ही सहा वर्षं पैसे साठवत होतो आणि दर वर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणत होतो. नवऱ्याच्या टीममधले चौघं एकाच शुक्रवारी घरी बसले, तेव्हा तो म्हणाला, "साठ दिवसांत विकता येईल अशीच वस्तू घेऊ." त्यातून कॅम्पर निघाला.

त्याच एप्रिलमध्ये अण्णा आले. माझे वडील. वय अडुसष्ट, गाव सिन्नरच्या पूर्वेचं, दुष्काळी पट्ट्यातलं. आई गेल्यानंतरचं त्यांचं हे पहिलंच येणं. विमानतळावर पासपोर्टात सहा महिन्यांचा शिक्का बसला आणि दुसऱ्या आठवड्यापासून ते दिवस मोजायला लागले. आम्ही दोघं लॅपटॉपसमोर, ते खिडकीसमोर. बाहेर चालणारं माणूस नाही, ओट्यावर बसणारं कुणी नाही. मे महिन्यात त्यांनी मला तिकीट अलीकडचं करता येतं का, असं विचारलं. मी "बघते" म्हटलं आणि बघितलं नाही.

अण्णांनी तीस वर्षं ट्रक चालवला. लासलगावचा कांदा रात्री भरायचा, कसारा घाट उतरायचा, पहाटे वाशी मार्केटला लागायचं. कॅम्परच्या गप्पा सुरू झाल्या तशी त्यांची खुर्ची खिडकीकडून टेबलाकडे वळली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पासिंग किती?"

आमच्या मनात नवाकोरा हाफ-टन ट्रक होता. हाफ-टन, थ्री-क्वार्टर टन, वन-टन ही इथली जुनी नावं. आता ती वजनं राहिली नाहीत, नुसते वर्ग राहिलेत. विक्रेत्याने हसत सांगितलं, "हाफ-टनवर सगळेच नेतात." अण्णांनी मला दार उघडायला लावलं. स्टिकरवर १,५४० पौंड. म्हणजे ७०० किलो. आम्ही तिघं मिळून २१३ किलो. उरले ४८७.

कॅम्परच्या माहितीपत्रकात जे वजन छापतात त्याला 'ड्राय वेट' म्हणतात. त्यात पाणी नसतं, गॅस नसतो, बऱ्याचदा एसी आणि जादाची बॅटरीही नसते. गाद्या, भांडी, कपडे तर नसतातच. एक अमेरिकन गॅलन पाणी म्हणजे पावणेचार किलो. तीस गॅलनची टाकी भरली की ११३ किलो झाले. गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या ३४ किलो. आम्ही पाहिलेला सगळ्यात हलका कॅम्पर कोरडाच पाचशेच्या पुढे होता.

"गाडी जाईल की," अण्णा म्हणाले. "जायला काय, जाईल. उतरताना बघा." आणि मग त्यांनी जावयाला कसारा सांगितला. नऊ टन पासिंगच्या गाडीत चौदा टन भरून देणारे व्यापारी. मोडलेले पाटे. ड्रम तापून धूर निघायला लागला की ब्रेक नुसता पायाखाली असतो, चाकात नसतो. पुढचा ट्रक वळणावरून दिसेनासा झालेला त्यांनी एकदा पाहिलाय. नवऱ्याने त्या संध्याकाळी हाफ-टनचा टॅब बंद केला.

*

कॅम्पर दोन प्रकारचे असतात. पॉप-अपचं छत मुक्कामाला वर उचलायचं, मधल्या भिंती कापडाच्या. तो हलका, बुटका, वाऱ्याला कमी अडतो, कच्च्या रस्त्यावर कमी डुलतो. हार्ड-साइड म्हणजे चारी भिंती पक्क्या. तो जड आणि उंच, पण थंडीत उबदार. तुम्ही दोघंच असाल, उन्हाळ्यातच फिरणार असाल, तर पॉप-अप घ्या आणि लहान ट्रकमध्ये भागवा.

आमचा निर्णय अण्णांच्या गुडघ्यांनी घेतला. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला आत संडास हवा आणि टपावरच्या पलंगावर चढायला लागू नये. म्हणजे जेवणाचं टेबल खाली पाडून त्याचा पलंग होणारा हवा. दरवाजा जमिनीपासून बराच वर असतो, म्हणून कठडा असलेली घडीची शिडी हवी. शिवाय यलोस्टोन बघायचं होतं. तिथल्या फिशिंग ब्रिज कॅम्पग्राउंडवर अस्वलांमुळे पक्क्या भिंतींच्याच गाड्या चालतात, कापडी काही चालत नाही. म्हणजे हार्ड-साइड. म्हणजे मोठा ट्रक.

शेवटी वापरलेला वन-टन घेतला, पेट्रोलचा. डिझेल नको म्हटल्यावर अण्णांना आधी पटेना. मग मी दोन्ही गाड्यांचे स्टिकर दाखवले आणि ते गप्प झाले. आमच्या स्टिकरवर ३,८६० पौंड होते. साडेसतराशे किलो. कॅम्परही वापरलेला, दहा वर्षांचा. अण्णांनी छताच्या कोपऱ्यांत अंगठा दाबून पाहिला. लाकूड मऊ लागलं तर पाणी मुरतंय. ही परीक्षा मी यूट्यूबवर शिकले होते, ते जुन्या घरांवरून शिकले होते.

आणखी एक गोष्ट बघायची असते. कॅम्परवर त्याचा गुरुत्वमध्य कुठे आहे ते लिहिलेलं असतं. हौद्यात बसवल्यावर तो बिंदू मागच्या आसाच्या पुढे पडला पाहिजे. मागे पडला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. "कांद्याचंही तेच," अण्णा म्हणाले. "गोण्या शेपटीकडे लावल्या की गाडी नाक वर करते."

कॅम्पर चढवणं म्हणजे त्याच्या चार पायांमधून ट्रक मागे घ्यायचा. दोन्ही बाजूंना चार बोटं जागा. इथे लोक त्यासाठी कॅमेरे लावतात. आमच्याकडे अण्णा होते. ते मागे उभे राहून, पत्र्यावर थापा मारत ओरडत होते, "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं कापा... येऊ द्या... बाऽऽस!" स्टोरेज यार्डातला एक म्हातारा अमेरिकन हातातलं काम टाकून बघत राहिला. नंतर त्याने येऊन अण्णांशी हात मिळवला. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळला नाही. अण्णांनी त्याला साखळ्यांचा ताण दाखवला, त्याने मान डोलावली.

मग वजनकाटा. ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात, थोड्या डॉलरांत खासगी गाडीलाही वजन करून देतात. तुम्ही प्लॅटफॉर्मवर गाडी उभी करून बटण दाबायचं. आतून आवाज येतो, पहिलं वजन का? ट्रक नंबर? कंपनी? "कंपनी नाही, घरची गाडी आहे," नवरा म्हणाला. अण्णांनी मला भाषांतर करायला लावलं आणि ते स्वतःशीच हसले. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या गाडीची पावती खिशात घातली होती.

रिकाम्या आणि भरलेल्या गाडीच्या वजनांतला फरक ३,०६० पौंड आला. १,३८८ किलो. माहितीपत्रकातलं कोरडं वजन होतं १,०२० किलो. वरचे ३६८ किलो कुठून आले, याची यादी अण्णांनी माझ्या वहीत केली. तिच्यात 'पोळपाट-लाटणं' स्वतंत्र नोंद होती.

*

जूनमध्ये निघालो. लॅरमी, रॉलिन्स, मग वर लँडर, डुबॉइस आणि टोगवोटी खिंड, साडेनऊ हजार फुटांच्या वर. वायोमिंगमधला आय-८० हा रस्ता वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे. जोराच्या वाऱ्यात उंच, हलक्या गाड्यांना तो बंदही करतात. उंच गाडीला वारा बाजूने ढकलतो, आणि ट्रेलर ओलांडून गेला की उलटीकडे ओढतो. अण्णा मागच्या सीटवरून फक्त एवढंच म्हणायचे, "पाव्हणे, घाई नाही." साठ मैलांच्या वर काटा गेला नाही.

राहण्याचं सांगते. तिघं माणसं आत झोपली की सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळतं, म्हणून कितीही थंडी असली तरी छताची झडप बोटभर उघडी ठेवायची. फोडणी दिली की धुराचा अलार्म बोंबलतो. आम्ही मोहरी-जिरं बाहेर छोट्या शेगडीवर तडतडवायला लागलो. आणि पाणी. ११३ लिटर, तिघांना, चार दिवस. शॉवर लावला तर दोन दिवसांत संपतं. अण्णा आत बादली घेऊन बसले आणि तांब्याने पाच लिटरांत आंघोळ करून बाहेर आले. टँकरच्या गावाला हे शिकवावं लागत नाही. तिसऱ्या दिवसापासून आम्हीही तांब्यावर आलो.

लॅरमीजवळ एका दुकानाच्या पार्किंगमध्ये एक जुना कॅम्पर उभा होता, छतावर निळी ताडपत्री बांधलेली. त्यात एक म्हातारं जोडपं राहत होतं, ते फिरायला निघालेलं नव्हतं. अण्णांना ते माझ्याआधी कळलं. त्यांनी कोपरगावकडे जाणाऱ्या ऊसतोडीच्या बैलगाड्या आयुष्यभर पाहिल्यात, गाडीवर चूल आणि पाळणा घेऊन चाललेल्या. "हौस आणि गरज लांबून सारखीच दिसते," ते म्हणाले आणि त्या बाईला आमच्यातली द्राक्षं देऊन आले.

आम्ही हौसेचे होतो. पण आमच्याही मुक्कामाला तारीख होती. पश्चिमेकडे सरकारच्या मोकळ्या जमिनी आहेत, तिथे फुकट राहता येतं. बहुतेक ठिकाणी अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवस, मग हलायचं. अण्णांचे सहा महिने. आमची तीन वर्षं. एका रात्री मी हे मोठ्यांदा म्हटलं. अण्णा म्हणाले, "ट्रकला रस्त्याचा टॅक्स भरलेला असतो ना, त्याची पण तारीख असते. म्हणून कुणी गाडी उभी करून ठेवतं का?"

फिशिंग ब्रिजला रात्री पाणी गोठलं. सरोवर तिथून चालत जाण्याइतकं जवळ. हीटरची घरघर चालू होती. अण्णा टेबलाच्या पलंगावर, आम्ही वर. अंधारात ते म्हणाले, "माझ्या गाडीत तुझी आई एकदाच बसली. दवाखान्यात नेताना." मी वरून हात खाली सोडला. त्यांच्यापर्यंत तो पोचत नव्हता. त्यांनी उठून तो धरला, आणि मग झडप उघडी आहे का ते बघितलं.

तिकीट अलीकडचं करायचा विषय पुन्हा निघाला नाही. अण्णा ऑक्टोबरमध्ये, ठरल्या तारखेला गेले. जाण्याआधी त्यांनी कॅम्परच्या नळ्यांतलं सगळं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरायला लावलं. कोलोरॅडोच्या हिवाळ्यात ते केलं नाही तर नळ्या फुटतात. आता कॅम्पर यार्डात चार पायांवर बर्फात उभा आहे, ट्रक रोज ऑफिसला जातो. आमचा व्हिसा पुढच्या वर्षी वाढवायचाय. वाढला नाही तर दोन्ही विकू.

वजनाची पावती अण्णा सिन्नरला घेऊन गेले. बाकीचे लोक अमेरिकेचे फोटो दाखवतात, हे चहाच्या टपरीवर पावती दाखवतात. रविवारी फोन आला की आधी टायरची हवा विचारतात. मागच्या रविवारी हिशोब पुन्हा करून झाला होता. साडेसतराशेतून आम्ही तिघं आणि १,३८८ वजा.

"दीडशे किलो शिल्लक आहे अजून," ते म्हणाले. "पाळणा कितीचा असतो गं तिकडं?"