घराचा समास



वह्या तपासताना आम्ही एक शेरा हमखास लिहितो, ‘समास सोडा.’ आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तिथे वहीतल्या या कोऱ्या पट्टीला हाशिया म्हणत. समास भेटायचा तो फक्त व्याकरणात. घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेला महाराष्ट्रातल्या बांधकाम नियमांत ‘सामासिक अंतर’ म्हणतात, हे तर आम्हाला अलीकडेच कळले. आपण हैदराबादेत त्याला ‘सेटबॅक’ म्हणतो. तो सोडायचा की नाही, या प्रश्नात आमच्या घरचे तीन महिने गेले.

झाले असे. चिक्कडपल्लीतल्या आमच्या गल्लीत गाडी दारासमोरच उभी असायची. एका रात्री पुढच्या घरातल्या आजोबांसाठी अ‍ॅम्ब्युलन्स आली आणि आमच्या गाडीपाशी अडली. किल्ली शोधून गाडी काढेपर्यंत चार-पाच मिनिटे गेली. आजोबा बरे होऊन घरी आले, पण ती मिनिटे आम्हाला विसरता येईनात. गाडी आत घ्यायचीच, असे ठरवले. घराच्या एका बाजूला सात फुटांची पट्टी मोकळी आहे. वर पत्रे टाकले आणि पुढे शटर बसवले की झाले गॅरेज! आमची आई वॉकर घेऊन चालते. तिलाही न भिजता गाडीत बसता येईल, असा हिशेब होता.

परवानगीसाठी चौकशी केली. आमचा प्लॉट १८० गजांचा, म्हणजे सुमारे १५० चौरस मीटर. ७ एप्रिल २०१२ च्या बांधकाम नियमांप्रमाणे एवढ्या प्लॉटला बाजूने एक मीटर जागा मोकळी हवी. सूट मिळेल का, असे विचारले. समोरची जागा सोडून बाकीच्या बाजूंना १० टक्क्यांपर्यंतची चूक तडजोडीने माफ करता येते, त्यापुढे नाही, असे उत्तर मिळाले. एक मीटरचे १० टक्के म्हणजे जेमतेम चार इंच! आम्हाला तर अख्खी पट्टी हवी होती.

मग सल्ले सुरू झाले. “बांधून टाका हो, पुढेमागे रेग्युलरायझेशनची स्कीम येतेच.” हे अगदीच खोटे नव्हते. २००७ च्या अखेरीस अशी योजना निघाली होती, २०१५ मध्ये पुन्हा निघाली; ती मात्र उच्च न्यायालयात गेली. दुसऱ्या एका हितचिंतकांनी २०२० च्या टीएस-बीपास कायद्याची आठवण दिली. त्यात ५०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर १० मीटर उंचीपर्यंतच्या घराला मालकाच्या स्वतःच्या प्रमाणपत्रावर परवानगी देण्याची सोय झाली. “नकाशात पट्टी मोकळी दाखवा, छप्पर मागाहून टाका,” असे ते म्हणाले. म्हणजे पेपर आपलाच, तपासणार आपणच, आणि त्यातही कॉपी करायची! खरे सांगायचे तर मोह झाला. अ‍ॅम्ब्युलन्सचे कारण तोंडपाठ होतेच.

याच सुमारास न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. त्यालाही गॅरेज वाढवायचे होते. तिथे नियमातून सूट हवी असेल तर २०० फुटांच्या आतल्या घरमालकांना आधी कळवावे लागते आणि मग जाहीर सुनावणी होते. न्यूयॉर्क शहराने १९१६ साली उंच इमारतींना मागे सरकायला लावणारे नियम केले, त्यालाही एका इमारतीची सावली कारण झाली, असे त्याने सांगितले. १९१५ मध्ये पुरी झालेली इक्विटेबल बिल्डिंग आजूबाजूच्या रस्त्यांवर आणि घरांवर अंधार पाडत होती. शेवटी त्याने विचारले, “मामा, शेजारी काय म्हणाले?”

शेजाऱ्यांना आम्ही विचारलेच नव्हते.

त्या पट्टीकडे शेजारच्या तेलुगू अम्मांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडते. आम्ही जाऊन विचारले. त्या हसून म्हणाल्या, “कट्टुकोंडी,” बांधा की. आम्ही खूश झालो. अंदाज घ्यावा म्हणून बांबू उभारून वर ताडपत्री बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता बाहेर लख्ख ऊन होते आणि अम्मांच्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइट लागली होती. खिडकीशी बसून त्या तांदूळ निवडत होत्या. आमच्याकडे पाहून पुन्हा हसल्या. एका शब्दाने तक्रार केली नाही.

संध्याकाळी आम्ही ताडपत्री उतरवली. पावसाचे पाणीही त्याच पट्टीतून वाहून जाते, हे तेव्हा नव्याने ध्यानात आले. हैदराबादचा ऑगस्ट २००० चा आणि ऑक्टोबर २०२० चा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हातभर मोकळ्या जमिनीची किंमत सांगायला नको.

गाडी पुन्हा गल्लीत ठेवणेही मनाला पटेना. आता ती पलीकडच्या एका आवारात महिन्याच्या भाड्याने उभी असते. सात मिनिटे चालावे लागते. आईला बाहेर जायचे असले की आम्ही गाडी दाराशी आणतो, पाऊस असला तर छत्री धरतो. तिचा त्रास कमी झाला नाही, हे लपवत नाही. पण ती म्हणते, “अम्मांचा उजेड गेला असता तर रोज त्यांना तोंड काय दाखवलं असतं?”

मुलांनो, वही तुमची, समासही तुमचाच. पण त्यात लिहायचे असते ते दुसऱ्याने. तो भरून टाकला तर गुरुजींनी शेरा लिहायचा कुठे? घराचेही तसेच आहे.

जाता जाता पालकांना एक विनंती. शाळा सुटताना स्कूटर आणि गाड्या गेटच्या तोंडाशी लावू नयेत. तो आपल्या शाळेचा समास आहे.