फुटक्या बरण्यांची बाग

घराभोंवतीं चार हात मोकळी जमीन ज्यांच्या वांट्याला आली आहे, त्यांनीं तिच्यांत काय लावावें हें सांगणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. गुलाबाची छाटणी केव्हां करावी, मोगऱ्याचें पाणी केव्हां तोडावें, कढिलिंबाला खत कोणतें घालावें, हें सारें त्यांत मिळतें. परंतु बागेंत झाडांखेरीज जें कांहीं असतें, त्याविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. वाटेच्या कडेला उलट्या पुरलेल्या बाटल्या, नारळाच्या करवंटींत लावलेला पुदिना, मुलांनीं रंगविलेले दगड, भिंतीवर बसविलेल्या बांगड्यांच्या कांचा, असल्या वस्तूंना शास्त्र नाहीं आणि बाजारांत किंमतही नाहीं. तरीही बाग खरोखर आपलीशी वाटूं लागते ती बहुधा अशा रिकामटेकड्या उद्योगांनींच, असें आतां आमचें मत झालें आहे. हें मत आम्हांला सुखासुखीं सुचलेलें नाहीं, म्हणून त्याची हकीकत येथें सांगावीशी वाटते.

आमचें घर सांगलीस, नदीपासून फार दूर नाहीं. मागच्या परसांत एक हौद, मधोमध तुळशीवृंदावन, एका बाजूस केळी व अळू, आणि दुसऱ्या बाजूस आमच्या थोरल्या बंधूंचे, म्हणजे दादांचे, गुलाब. दादा शिस्तीचे भोक्ते. गुलाबाच्या रांगा दोरी धरून लावलेल्या असत, आणि त्या रांगांत मुलांनीं एखादा मातीचा हत्ती नेऊन ठेवला कीं तो संध्याकाळपर्यंत ओसरीवर परत येत असे. “बागेंत झाडें शोभतात, खेळणीं नव्हेत,” हें त्यांचें ठरलेलें वाक्य.

दादांचा हा पक्ष अगदींच एकाकी नाहीं. इंग्लंडांत नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांतील लॅम्पोर्ट हॉल येथील सर चार्ल्स आयशॅम या गृहस्थांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनींतून भाजक्या मातीचे दाढीवाले बुटके आणून आपल्या बागेंतील कृत्रिम डोंगरावर मांडले. पुढें तशा बुटक्यांची त्या देशांत लाटच आली. पण लंडनच्या सुप्रसिद्ध चेल्सी पुष्पप्रदर्शनांत त्यांना बरींच वर्षें मज्जाव होता. प्रदर्शनाच्या शतसांवत्सरिक उत्सवानिमित्त २०१३ सालीं तेवढ्यापुरती ती बंदी उठली. आम्ही ही गोष्ट दादांना सांगितली तेव्हां ते म्हणाले, “शंभर वर्षांनीं एकदां असेल तर माझीही हरकत नाहीं.”

ही थट्टामस्करी चालली होती तोंच २०१९ सालचा ऑगस्ट उजाडला. कृष्णेचा पूर सांगलीकरांना नवा नाहीं. पायऱ्यांवर पाणी चढलें कीं सामान माळ्यावर न्यावें, हें आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक. पण त्या वर्षीं पाण्यानें कोणाचेच अंदाज मानले नाहींत. आम्ही सर्वजण मिरजेस नातलगांकडे गेलों. परत आलों तेव्हां खालच्या मजल्यावर गुडघाभर गाळ होता, आणि परसांत वृंदावनाचा वरचा भाग तेवढा ओळखूं येत होता. दादांचे गुलाब कोठें होते हें दादांनाही सांगतां येईना.

कोठीच्या खोलींतील फळी कोसळली होती, आणि तिच्यावरच्या आईच्या पांच बरण्या खालीं फुटून पडल्या होत्या. चिनी मातीच्या, खालीं पांढऱ्या व गळ्याशीं तपकिरी, अशा त्या बरण्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरांत असतीलच. त्यांतली सर्वांत मोठी आमच्या आजीनें घेतलेली, आणि आई या घरांत आली त्या वर्षापासून तिच्या हाताखालीं असलेली. गाद्या गेल्या, कपाटें गेलीं, लग्नाचे फोटो गेले, तेव्हां आई कांहीं बोलली नव्हती. बरण्यांचे तुकडे पाहून मात्र ती गाळांतच उकिडवी बसली. “लोणचें पुन्हा घालतां येईल रे,” ती म्हणाली, “पण ही बरणी मुरलेली होती.” थोड्या वेळानें उठून तिनें सांगितलें, “फुटकें घरांत ठेवूं नये. सगळें टाकून या.”

येथें आमच्या हातून अपराध घडला. तुकडे आम्ही गोळा केले, धुतले, आणि टाकण्याऐवजीं एका पोत्यांत भरून जिन्याखालीं ठेवले. टाकवेनात, एवढेंच त्याचें कारण. आईला मात्र आम्हीं टाकले म्हणून सांगितलें.

त्या वर्षीं दिवाळी ऑक्टोबराच्या अखेरीस होती. घराच्या भिंती अजून ओलसर होत्या आणि फराळाचा उत्साह कोणालाच नव्हता; परंतु मुलांना किल्ला हवाच होता. दरवर्षीं मातीसाठीं मुलांना वणवण करावी लागते. यंदा नदीनें परसांतच गाड्यांनीं पोयटा आणून टाकला होता. विटा, दगड आणि पुराच्याच फाटक्या पोत्यांचा सांगाडा रचून मुलांनीं त्यावर गाळ लिंपला, आणि बुरुजांभोंवतीं हळीव व मोहरी पेरली. चौथ्या दिवशीं कोंब वर आले. पुरानंतर आमच्या परसांत उगवलेली ती पहिली हिरवळ. ती पाहावयास दादा दिवसांतून दोनतीन वेळां येऊन जात, आणि एकदां तर झारीनें पाणी घालतांना आम्हीं त्यांना पाहिलें.

किल्ल्याच्या तटाला कांहीं तरी चकचकीत हवें म्हणून मुलांनीं जिन्याखालचें पोतें शोधून काढलें. आम्ही घरांतच होतों. मनांत असतें तर थांबवितां आलें असतें. उलट आम्हीच तुकडे निवडून दिले. संध्याकाळीं पणत्या लागल्या तेव्हां त्या तपकिरी-पांढऱ्या तटावर उजेड असा कांहीं खेळूं लागला कीं शेजारचीं मुलेंसुद्धां पाहावयास आलीं. आईही आली. तिनें तट पाहिला, आमच्याकडे पाहिलें, आणि एक शब्दही न बोलतां ती आंत गेली. त्यानंतर महिनाभर तिनें परसांत पाऊल टाकलें नाहीं. तुळशीला पाणी घालण्याचें काम तिनें वहिनींकडे दिलें, यावरून तिचा राग केवढा होता तें समजावें.

आम्हांला मात्र आपण कांहीं वाईट केलें असें वाटेना. चंदीगडच्या नेकचंद यांचा दाखला आमच्या मनांत घोळत होता. १९२४ सालीं आजच्या पाकिस्तानांतील एका खेड्यांत जन्मलेले हे गृहस्थ फाळणींत घर गमावून इकडे आले, आणि चंदीगड शहर उभारलें जात असतां रस्त्यांच्या खात्यांत निरीक्षक म्हणून नोकरीस लागले. नव्या शहरासाठीं जुनीं खेडीं पाडलीं गेलीं. त्यांतल्या फुटक्या कपबशा, बांगड्या, कौलें, दिव्यांचीं बटणें हे गृहस्थ सायकलीवरून गोळा करून आणीत, आणि शहराच्या कडेच्या राखीव रानांत रात्रींच्या वेळीं त्यांच्यापासून माणसें, माकडें, नर्तकी घडवीत. १९५७ पासून बरींच वर्षें हा उद्योग गुप्तपणें चालला. जागा सरकारी असल्यामुळें उघडकीस आल्यावर सारें पाडून टाकण्याचीच वेळ आली होती. पण लोकांनीं तें उचलून धरलें, १९७६ सालीं तें सर्वांस खुलें झालें, आणि १९८४ सालीं नेकचंद यांना पद्मश्री मिळाली. २०१५ सालीं ते वारले. त्यांचा ‘रॉक गार्डन’ आज देशोदेशींचे लोक पाहतात. पाडलेल्या घरांचे तुकडे जोडून ज्यानें एक नवी वस्ती उभी केली, त्याचें मन पुरांतून आलेल्या आम्हांला विशेष कळलें असें वाटे.

हें सर्व आम्ही दादांना ऐकविलें, वहिनींना ऐकविलें, मुलांना तर दोनदां ऐकविलें. ज्या माउलीच्या बरण्या, तिला मात्र एका शब्दानें विचारलें नाहीं.

दिवाळी संपली, किल्ला पावसाळ्याची वाट न पाहतां ढासळूं लागला. तेव्हां दादांनींच सुचविलें कीं, हौदाचा कठडा पुरानें फुटला आहे, तो नव्यानें बांधून तुकडे त्याला पक्के बसवावेत. गवंड्यानें कठडा बांधून दिला. वरचें काम आम्हीं घरच्यांनीं केलें. एके सकाळीं आम्ही एकटेच तुकडे बसवीत असतां मागें काठीचा आवाज झाला. आई उभी होती.

“तो तुकडा उलटा बसवला आहेस,” ती म्हणाली. “ती तोंडाची कड आहे. वर हवी.”

आम्हीं तुकडा काढून सुलटा केला. मग तिनें काठीनेंच एकेक तुकडा दाखवीत सांगितलें: ही लिंबाची, ही मिरचीची, ही मोठी आंब्याची, हिच्या पोटाला तुझ्याच हातून वरवंटा लागून टवका उडाला होता. तो टवका आम्हांला आठवत नव्हता. बोट लावून पाहिला तर होता.

“अजून रागावली आहेस?” आम्हीं विचारलें.

“फुटकें ठेवलेंस म्हणून नव्हे रे. मी टाक म्हटलें, तूं टाकलें म्हणालास. मला विचारलें असतेंस तर कदाचित् नकोच म्हटलें असतें. पण विचारायला हवें होतेंस.” थोडें थांबून तिनें पुढें सांगितलें, “आणि वृंदावनाला यांतला एकही तुकडा लागतां कामा नये. तिथें तुळस आहे.”

तिची ही आज्ञा आजपर्यंत पाळली गेली आहे. मोठ्या बरणीच्या झांकणाची मूठ तेवढी तिनें मागून घेतली, आणि कठड्याच्या कोपऱ्यावर आपल्यासमोर बसवून घेतली.

कोणास असा उद्योग करावासा वाटल्यास आमच्या चुकांतून शिकलेल्या चार गोष्टी सांगून ठेवतों. तुकड्यांच्या धारा आधीं दगडावर घासून मोडाव्या, आणि धार नेहमीं गिलाव्याच्या आंत जाईल अशी ठेवावी. आमच्या धाकट्या पुतण्याचा अंगठा या विस्मरणानें कापला. तुकडे लावण्यापूर्वीं भिंत चांगली भिजवावी. एका भागास तीन भाग चाळलेली वाळू असें सिमेंट पुरतें, आणि काम झाल्यावर आठवडाभर ओलें पोतें टाकून तें ओलसर ठेवावें. उन्हांत तसेंच सोडल्यास तुकडे निखळतात. दगडांचे ढीग शोभेसाठीं मोकळे रचूं नयेत, फटींत विंचू व साप घर करतात. पक्ष्यांसाठीं पाण्याचें भांडें अवश्य ठेवावें, पण त्यांतलें पाणी एक-दोन दिवसांआड ओतून भांडें आंतून घासावें. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालतो, आणि तीं भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. करवंट्यांना व डब्यांना तळाशीं भोंक पाडल्याखेरीज त्यांत कांहीं लावूं नये.

२०२१ च्या जुलैंत कृष्णा पुन्हा परसांत आली. या वेळीं सामान वेळींच वर नेलें होतें, आणि आईही माडीवर होती. पाणी ओसरल्यावर आम्ही खालीं उतरूं लागलों, तेव्हां तिनें वरूनच विचारलें, “कठडा आहे का?” कठडा होता. गाळानें पार माखला होता, पण एक तुकडा सुटला नव्हता. मुलांनीं नारळाच्या काथ्यानें तो घासून काढला, आणि दादांनीं बादलीनें पाणी ओतलें.

आई पुढें दोन वर्षांनीं गेली. दादांच्या गुलाबांच्या रांगा पुन्हा सरळ आहेत. त्या रांगांच्या टोकाला आतां मातीचा एक हत्ती उभा असतो, आणि तो ओसरीवर परत येत नाहीं. झांकणाच्या त्या मुठीवर सकाळीं दयाळ येऊन बसतो व शेपटी उडवीत हौदांत पाहतो. लोणचें वहिनी घालतात, नव्या बरणींत. ती अजून मुरावयाची आहे असें आम्ही म्हणतों, आणि वहिनी रागावत नाहींत.

तात्पर्य काय, असें कोणी विचारील. बागेंत हवें तें मांडावें, बाटल्या पुराव्या, कांचा जडवाव्या, दगडांना डोळे काढावे. त्यांत वेळ फुकट जातो म्हणणाऱ्यांनीं एकदां मुलांबरोबर बसून पाहावें. मात्र घरांतील जुनी फुटकी वस्तू हातीं घेण्यापूर्वीं ती कोणाची होती हें आठवावें. आणि तें माणूस अजून घरांत असेल, तर आधीं त्याच्यापाशीं जाऊन बसावें व विचारावें. आम्हीं तें उशिरां केलें. वाचकांनीं वेळेवर करावें.