गाळणे आणि जिवाणी

नांदेड-लातूरकडच्या जैन घरांत पूर्वी हंड्याच्या तोंडावर दुहेरी सुती गाळणे बांधलेले असे. पाणी गाळून झाले की गाळण्यावर उरलेली जिवाणी मोरीत न सांडता, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत अलगद सोडली जाई. पुढे नळ आले. गाळणे टिकले, जिवाणीचा नेम मात्र कितीतरी घरांतून विरून गेला.

गाळण्याचा एक गुण दूर बांगलादेशात सिद्ध झाला. पटकीचा जिवाणू हा नदीमुखाच्या निमखाऱ्या पाण्याचा मूळ रहिवासी. तो इतका सूक्ष्म की कापडातून सहज निसटतो. परंतु पाण्यातील इवल्या कवचधारी जीवांना तो चिकटून राहतो आणि ते जीव कापडाच्या घड्यांत अडकतात. रीटा कॉलवेल यांच्या पथकाने मतलब भागातील ६५ गावांत हा प्रयोग केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले.

परंतु जिवाणू म्हणजे केवळ रोग नव्हे. खारफुटीची गळालेली पाने जिवाणू आणि बुरशी कुजवतात. त्या अन्नावर खेकडे, कोळंबी आणि माशांची पिल्ले पोसली जातात. त्या चिखलाचा सडक्या अंड्यासारखा वास हीदेखील प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंच्या कामाचीच खूण होय.

ही खारफुटी मराठवाड्याला परकी नाही. नांदेडचे घाट ओलांडून गेलेल्या गोदावरीला पुढे कंदकुर्तीजवळ लातूरकडची मांजरा मिळते. धवळेश्वरमपाशी नदीला फाटे फुटतात आणि गौतमी शाखेचे पाणी काकीनाड्याजवळच्या कोरिंगाच्या खारफुटीत पोचते. वाटेत सांडपाणी मिसळले की ती घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात.

२०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा लातूरकरांनी घागरीघागरीचा हिशेब ठेवला. तो घेतलेल्या पाण्याचा होता. सोडलेल्या पाण्याचा हिशेब मांडावा असे तेव्हाही फारसे कोणाला सुचले नाही. व्यापाऱ्याच्या खतावणीत मात्र जमेसमोर नावे लिहावेच लागते. पाणी गाळून घेणे ही त्यातली एक बाजू. घरातले, दुकानातले, कारखान्यातले पाणी शुद्ध करूनच नदीत सोडणे ही दुसरी, आणि जिवाणीचा जुना नेम तीच शिकवीत होता. दारातली विहीर बुजली असेल. तिच्या जागी आज गोदावरी आणि मांजरा आहेत.