आई आतच राहू दे

तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसू लागलं की बिलिरुबिनसाठी रक्त काढावं लागतं. मी रेसिडेंट असताना आमचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, “ताई, तुम्ही जरा बाहेर थांबा.” आईला बघवणार नाही म्हणून. मग टाचेला टोचायचं आणि नळी भरेपर्यंत टाच पिळत राहायचं. हे मी शेकडो वेळा केलं आणि त्याची बोच अजून गेलेली नाही. बाळाचं दुखणं जिच्यामुळे कमी झालं असतं, तिलाच मी दाराबाहेर उभं करत होते.

आमच्या आधीच्या डॉक्टरांना तर एवढ्याशा जिवाला दुखतं हेच पटत नव्हतं. नसांवरचं आवरण पुरतं तयार नसतं, मग कळ पोहोचणार कशी, असं म्हणत. पण मोठ्या माणसाची कळही आवरण नसलेल्या किंवा पातळ आवरणाच्या तंतूंतूनच जाते. उलट, मेंदूकडून खाली येऊन कळ दाबणारी यंत्रणाच बाळात कच्ची असते. १९८७ साली डॉ. कंवलजीत सिंग आनंद आणि त्यांच्या ऑक्सफर्डमधल्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेत फेन्टॅनिल हे वेदनाशामक दिलं तर शरीरावरचा ताण आणि नंतरची गुंतागुंत, दोन्ही कमी होतात.

आता मी आधी बाळाला अंगावर घ्यायला सांगते. ते नीट लागून एका लयीत ओढू लागलं की मगच टाचेच्या कडेला आपोआप आत जाणारी बारीक लॅन्सेट लावते. मधोमध नाही, तिथे हाड जवळ असतं. कित्येकदा बाळ कपाळाला आठी घालतं, क्षणभर थांबतं आणि पुन्हा प्यायला लागतं. रक्त जास्त हवं असेल तर टाच पिळण्यापेक्षा सरावलेल्या हातानं शिरेतून घेतलेलं बरं, त्यात दुखणं कमी. पॅरासिटामॉल किंवा बधिर करणारं मलम टाचेच्या सुईपुढे निरुपयोगी ठरतं.

आई जवळ नसेल तर २४ टक्के साखरेच्या पाण्याचे मोजके थेंब जिभेवर द्यायचे आणि दोन मिनिटं थांबायचं. जिभेवरच, नळीनं पोटात गेलं तर उपयोग नाही. हे काम दवाखान्यातलं, घरी करायचं नाही. “मग मध चाटवला तर?” असं आज्या विचारतात. नको. मधातून बोट्युलिझमचा धोका असतो, वर्षाच्या आत मध नाहीच. मात्र साखरेनं रडणं थांबलं तरी मेंदूपर्यंतची कळ थांबते का, यावर २०१० सालच्या एका ब्रिटिश अभ्यासानं शंका घेतली आहे. म्हणून माझा भर आईवरच.

जीव सर्वांत तुटतो तो एनआयसीयूतल्या बाळांसाठी. पॅरिस परिसरातल्या ४३० बाळांच्या पाहणीत निम्म्या बाळांना दिवसाला दहा किंवा त्याहून जास्त वेदनादायक प्रक्रिया सोसाव्या लागत होत्या, आणि त्यांतल्या जवळपास ऐंशी टक्के वेदनाशमनाच्या खास उपायाविना. सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ तर धड रडतही नाही. बोटं फाकतात, भुवया खाली येऊन जवळ ओढल्या जातात, मॉनिटरवरचा ऑक्सिजन उतरतो. त्याचं गप्प राहणं सोसण्याचं लक्षण समजणं ही आमची सर्वांत मोठी चूक.

अशा वेळी आईच्या छातीवर उघड्या अंगानं ठेवता आलं तर उत्तम. नाहीतर सिस्टर एक तळवा डोक्यावर ठेवतात, दुसऱ्यानं पाय पोटाशी दुमडून धरतात. फाकलेली बोटं हळूहळू मिटतात. तोवर मी लॅन्सेटचं पाकीट उघडत नाही.